वाकड्या शिंगांचे नंदी

वर्ध्याहून देवळीला येणाऱ्या एसटीच्या कंडक्टरांना बाईंचा भरवसा नसायचा. तिकीट देवळीचं काढायच्या आणि मध्येच कुठेतरी ‘थांबवा वो भाऊ, उतराचं हाये’ म्हणून पिशवी घेऊन उभ्या राहायच्या. कारण काय, तर धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, बैल दिसला. खाली उतरून त्याच्याभोवती फिरायच्या, वशिंडावर हात ठेवायच्या आणि मालकाला विचारायच्या की हा रागावतो का, पाणी एका दमात पितो की थांबून थांबून, बसताना मान कोणत्या बाजूला टाकतो. मालक बिचारा गोंधळायचा. कोणाला वाटायचं बाई जनावरांच्या दवाखान्यातली आहे, कोणाला वाटायचं गिऱ्हाईक आहे. एकानं तर न विचारताच भाव सांगून टाकला होता. मग बाई उरलेला रस्ता उन्हातून चालत यायच्या आणि आमच्या दुकानाच्या पायरीवर बसून, लोटाभर पाणी पिऊन, त्या बैलाचं वर्णन करायच्या. स्थळ पाहून आलेली बाई मुलाचं सांगते ना, अगदी तसं.

बाई लाकडाचे नंदी करायच्या. पुण्याला दिलेल्या माझ्या नणंदेच्या सासरच्या लोकांना हे दर वेळी समजावून सांगावं लागतं, म्हणून इथेही सांगते. आमच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो. पोळा खऱ्या बैलांचा, तान्हा पोळा पोरांचा. पोरं चाकांवरचा लाकडी नंदी दोरीनं ओढत तोरणाखाली आणतात, झडत्या म्हणजे पोळ्याची गाणी म्हणतात आणि मग नंदी घेऊन घरोघर फिरतात. प्रत्येक घरी नंदीला टिळा लागतो आणि पोराच्या हातावर बोजारा पडतो, म्हणजे खाऊचे पैसे. पोट्टं चालायला लागलं की त्याला नंदी घ्यायचाच, ही आमच्याकडची रीत. बाजारात नंदी ढिगानं मिळायचे. बाईंचा नंदी मात्र मिळवायला त्रास पडायचा, आणि तो त्रास बाई मुद्दाम द्यायच्या.

देवळीत मेन रोडवर आमचं रंगाचं आणि हार्डवेअरचं दुकान. त्याला लागून रस्त्याकडे तोंड असलेली एक खोली होती. माझे सासरे, त्यांना मी मामाजी म्हणायची, त्यांनी ती खोली बाईंना भाड्यानं दिली तेव्हा मी नवी नवरी होते. नव्वदच्या दशकाची सुरुवात असेल. बाई चाळिशीच्या. उंच, हाडापेरानं मोठ्या, पदर कमरेला घट्ट खोचलेला, केसांत कायम लाकडाचा भुसा. लग्न केलेलं नव्हतं. का म्हणून कोणी विचारलं तर ‘राहून गेलं’ म्हणायच्या, बाजारातून कोथिंबीर आणायची राहून गेली असं सांगावं तितक्या सहज.

त्याआधी त्या एका शाळेत चित्रकला शिकवायच्या. शाळा विनाअनुदानित. म्हणजे काम पूर्ण आणि पगाराचं पुढं पाहू. सगळे मास्तर वर्षानुवर्षं ग्रँटकडे डोळे लावून बसलेले. शेवटी एकदाची ग्रँट आली, शाळेत पेढे वाटले गेले. बाईंनी पेढा खाल्ला, पदराला हात पुसले आणि राजीनामा दिला. देवळीत ज्यानं ऐकलं त्यानं कपाळाला हात लावला. लोक घर विकून नोकरी लावून घेतात आणि ही बया लागलेली नोकरी सोडते. मी पुढे एकदा धीर करून विचारलं, तेव्हा म्हणाल्या, “पगार नव्हता तवा वाटे, उद्या सोडीन. पगार सुरू झाला असता तं सोडनं जमलंच नसतं पोरी.”

लाकडाचं काम त्या गावाकडच्या एका म्हाताऱ्या सुताराकडून शिकल्या होत्या. शाळेच्या प्रत्येक सुट्टीत त्याच्याकडे जाऊन बसायच्या. गाव देवळीपासून जवळच, तिथे त्यांचा भाऊ भाजीपाल्याची शेती करायचा. बाईमाणूस वाकस चालवते हे पाहायला सुरुवातीला लोक खोलीसमोर उभे राहायचे. बाई कोणाला हाकलायच्या नाहीत. फक्त ज्याला वेळ आहे त्याच्या हातात पॉलिशपेपर द्यायच्या आणि म्हणायच्या, उभाच हायेस तं घासून दे. दोन दिवसांत गर्दी साफ झाली.

मामाजींचा अंदाज होता की ही दिवाळीपर्यंत टिकेल. दिवाळी गेली. मग म्हणाले, पोळ्यापर्यंत. ते त्यांना शेवटपर्यंत मास्तरीनबाईच म्हणायचे, कारण त्यांच्या मते ही तात्पुरती सुट्टी होती आणि आज ना उद्या बाई शाळेत परत अर्ज टाकणार होती. बाई त्यांना काकाजी म्हणायच्या आणि अर्ज कधी टाकता म्हणून विचारलं की, ‘या बैलाचं शेपूट होऊ द्या’ म्हणायच्या.

आमच्या वर्धा जिल्ह्याचा बैल म्हणजे गवळाऊ. पांढरा, लांब तोंडाचा, अंगानं हलका, पळायला चपळ. बाईंचं म्हणणं असं की आपल्या पोरांच्या हातात आपल्याकडचा बैल पाहिजे. बाजारातले नंदी गुबगुबीत, गोल तोंडाचे, अंगभर बेगड चिकटवलेले. असा एखादा दिसला की बाई म्हणायच्या, “हा बैल नाई वं, हा जावई हाये.” त्या गवळाऊ पाहायला पार आष्टीच्या बाजारापर्यंत जायच्या. दिवसभर बाजारात फिरून एकही गोष्ट न घेता परत यायच्या आणि रात्री आमच्याकडे जेवताना हसत बसायच्या, कारण त्यांना एखादा कान नाहीतर एखादी मान सापडलेली असायची.

आता त्रासाचं सांगते. नंदी घ्यायला मोठं माणूस एकटं आलं तर बाई विकायच्याच नाहीत. ज्याला पाहिजे त्यानंच यायचं. पोरगं आलं की त्याला पाटावर बसवायचं आणि विचारायचं, “तुहा बैल कसा हाये? काय करते तो?” आईबापानं मध्ये तोंड घातलं तर त्यांना सरळ आमच्या दुकानात पाठवायच्या, तुमी तिकडं रंग पाहा म्हणून. त्या निमित्तानं मामाजींचे किती डबे खपले याचा हिशोब नाही, पण त्यांनी तो कधी कबूल केला नाही. पोरं आधी लाजायची आणि मग थांबायचीच नाहीत. कोणाचा बैल ढगांच्या गडगडाटाला भ्यायचा, त्याचे कान बाईंनी मागे वळवून दिले. कोणाचा मालकाशिवाय कोणाला जवळ येऊ द्यायचा नाही, त्याची मान खाली आणि डोळे वर. आणि शिंगं. खऱ्या बैलाची दोन शिंगं कधी सारखी नसतात, एक जरा बाहेर, एक जरा खाली. बाईंच्या नंदीची शिंगं म्हणून वाकडी. नवं गिऱ्हाईक हमखास म्हणायचं, बाई, शिंग वाकडं झालं, काही कमी करा. बाई म्हणायच्या, झालं नाही, केलं. त्याचे जास्त लागतात.

सावंगीच्या मेडिकल कॉलेजमधले एक डॉक्टर आपल्या लहान मुलीला घेऊन आले होते. बाहेरच्या राज्यातले, मराठी मोडकंतोडकं. मुलगी मात्र इथलीच झालेली. बाईंनी विचारलं, तुझा बैल कसा आहे. ती म्हणाली, आमच्याकडे बैल नाही, आम्ही क्वार्टरमध्ये राहतो. बाईंनी विचारलं, मग दिसतो कोणता? तर फाटकाबाहेर फळांच्या गाड्यांपाशी एक बैल बसतो, त्याचा कान फाटलेला आहे, तो केळीची सालं खातो, तो. दुसऱ्या दिवशी बाई बसनं सावंगीला गेल्या आणि फळगाडीच्या सावलीत त्या बैलासमोर दुपारभर बसून राहिल्या. आठवड्यानं डॉक्टर नंदी घ्यायला आले, पाहतात तर कान फाटका. नम्रपणे म्हणाले की हा पीस थोडा तुटला आहे, दुसरा मिळेल का. तोवर मुलीनं नंदी कवेत घेतला होता. तिनं बापाला सांगितलं की हा तोच आहे. डॉक्टरांनी कान पुन्हा एकदा पाहिला, मुलीकडे पाहिलं आणि इतके हसले की डोळ्यांत पाणी आलं. पुढच्या पोळ्याला ते आणखी दोन डॉक्टरांना पोराबाळांसकट घेऊन आले.

मला त्या खोलीत ओढलं ते पांढऱ्या रंगानं. बाई आमच्याकडून पांढऱ्याचा डबा घेऊन गेल्या आणि दुसऱ्या दिवशी परत घेऊन आल्या. म्हणे हा बैलाचा पांढरा नाही, भिंतीचा आहे. मामाजी वैतागले. पांढरा तो पांढरा, त्यात बैलाचा आणि भिंतीचा काय! मी आतून ऐकत होते. माझं माहेर शेतकऱ्याचं, लहानपण गोठ्यात गेलेलं. मी वाटीत थोडा पांढरा घेतला, त्यात पिवळी माती घातली, काडीच्या टोकानं काजळी लावली आणि घोटून बाहेर नेला. बाईंनी त्यात बोट बुडवलं, स्वतःच्या मनगटावर ओढलं आणि हात उन्हात धरून कितीतरी वेळ पाहत राहिल्या. मग मला म्हणाल्या, “चाल.” एवढंच. दुपारी स्वयंपाकघर आवरलं की मी त्यांच्याकडे जायला लागले. अंगाचा रंग माझा, डोळे माझे, खुरं माझी.

पहिल्या पोळ्याला विक्री झाली आणि बाईंनी मामाजींच्या देखत माझ्या हातावर पैसे ठेवले. मामाजी म्हणाले, अहो घरच्या घरात पैसे कसले? बाई म्हणाल्या, काकाजी, तुम्ही मला रंग फुकट देता का? मामाजींनी हिशोबाची वही ओढली. मला मात्र हळूच म्हणाल्या, “मीठमिरचीत घालजो नोको.” आयुष्यात पहिल्यांदा माझ्या हाताचे पैसे मला मिळाले होते. मी त्या पैशांचं काहीच घेतलं नाही. कितीतरी दिवस पेटी उघडून नुसती पाहायची.

धंदा म्हणजे काय, हे मी दुकानदाराच्या घरात सून होऊन शिकले नाही, बाईंकडे शिकले. त्या म्हणायच्या, किंमत सांगताना खाली पाहायचं नाही. आपण खाली पाहिलं की गिऱ्हाईक समजतं, हिलाच पटलेलं नाही. आणखी एक म्हणायच्या, की पोळा वर्षातून एकदा येतो आणि भूक रोज. म्हणून बाकीच्या दिवसांत त्या दाराच्या चौकटी कोरून द्यायच्या, देव्हारे करायच्या, नागपूर-अमरावतीच्या प्रदर्शनात स्टॉल लावायच्या. एका प्रदर्शनात साहेबांनी विचारलं, बाई, तुम्ही कोणत्या संस्थेच्या? बाई म्हणाल्या, मीच. साहेबांना वाटलं ऐकू आलं नाही, त्यांनी पुन्हा विचारलं. बाई पुन्हा म्हणाल्या, मीच. मी बाजूला उभी होते. माझी मान अशी ताठ झाली होती की विचारू नका.

पण सगळंच काही असं गोड गोड चाललं नाही. दोन हजार साल उलटून गेलं आणि बाजारात फायबरचे नंदी आले. चकचकीत, स्वस्त, बटण दाबलं की गाणं वाजायचं. खोटं कशाला बोलू, माझ्या धाकट्यालासुद्धा तो पाहिजे होता. लागोपाठ दोन पोळे बाईंची अर्धवट घडवून ठेवलेल्या नंदींची फळी भरलेलीच राहिली. आरा मशीनवाल्यानं उधारीत लाकूड द्यायचं थांबवलं. तिसऱ्या वर्षी उन्हाळ्यात बाई दुकानात आल्या, मामाजींसमोर बसल्या आणि म्हणाल्या, “काकाजी, खोली दिवाळीले खाली करून देईन. तुमी दुसरा भाडेकरू पाहून ठेवा.” पुढे काय करणार म्हणून मामाजींनी विचारलं, तर भावाच्या वाडीत वांगी तोडीन म्हणाल्या.

मला रडू आलं नाही, संताप आला. मी खोलीत गेले आणि जे तोंडाला येईल ते बोलले. एवढंच करायचं होतं तर मला कशाला हाताशी धरलं, मी आपली पोळ्या लाटत बरी होते. आता मला दुपारी घरात बसवेल का? बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, “बोल. तुह्या जागी मीबी बोलली असती.”

मामाजींनी नवा भाडेकरू लगेच पाहिला. गावातलाच एक तरुण, त्याला मोबाइलचं दुकान टाकायचं होतं. दिवाळीचा शब्द देऊन टाकला.

त्याच सुमारास नागपूरचा एक शेठ आला. तिथे त्याची हस्तकलेच्या वस्तूंची मोठी शोरूम होती. त्यानं प्रदर्शनात बाईंचं काम पाहिलं होतं. वर्ध्यात एक नवी कॉलनी झाली होती आणि तिथल्या कमिटीनं ठरवलं होतं की या तान्ह्या पोळ्याला कॉलनीतल्या प्रत्येक मुलाला कमिटीतर्फे एकेक नंदी द्यायचा. नंदी सगळे सारखे पाहिजेत. एक मोठा, एक लहान, एक सुंदर, एक साधा असं झालं तर पोरं रडतात आणि आया भांडतात. म्हणून आकार एक, रंग एक, शिंगं सरळ आणि सोनेरी. ऑर्डर मोठी होती, लाकूडही शेठच देणार होता. आणि शेठ म्हणाला, हे काम नीट झालं तर बाई, पोळा झाल्यावर नागपूरला माझ्या वर्कशॉपमध्ये या. महिन्याचा पगार बांधून देतो. माल माझ्या शोरूमच्या नावानं जाईल, तुम्हाला विकायची कटकट नको.

मामाजींना कोण आनंद! मास्तरीनबाई, आता तरी शहाणपण करा, म्हणाले. बाईंनी ऑर्डर घेतली. नागपूरचं पोळ्यानंतर सांगते म्हणाल्या.

तो महिना मला आठवला तरी नकोसा वाटतो. प्लायवूडचा फर्मा केला, तो लाकडावर ठेवायचा आणि कापायचं. हाताशी दोन सुतार घेतले. एरवी बाई काम करताना नंदीशी बोलायच्या. असा काऊन पाहून राह्यला बे, म्हणून त्याला विचारायच्या. त्या महिन्यात खोलीत फक्त करवतीचा आवाज. पोरं आली तर त्यांना पाटावर बसवायला वेळ नव्हता. मी एकाच डब्यातून सगळ्यांना रंग लावत गेले, सगळ्यांचे डोळे एकाच मापाचे. शेवटी राहवलं नाही म्हणून विचारलं, बाई, नागपूरला जाणार का तुम्ही?

“पगार मिळन तिथं,” त्या म्हणाल्या. थोड्या वेळानं रंधा थांबवून म्हणाल्या, “पगारच तं मिळन.”

ज्या बाईनं पगाराच्या भीतीनं नोकरी सोडली होती तिच्या तोंडून मी हे ऐकत होते. पण मी काय सांगणार? खोली गेलेली, लाकूड मिळत नाही, वय पन्नाशीच्या पुढे. नागपूर नाही म्हटलं तर वांगी.

तान्ह्या पोळ्याला कमिटीनं आम्हाला बोलावलं. मी माझी पिशवी घेतली, रंगाच्या लहान डब्या आणि कुंचले होते, वाटेत खरचटलेलं दुरुस्त करायला. बाईंच्या पिशवीत पटाशी आणि कानस नेहमी असायचीच. कॉलनीच्या मैदानात आंब्याच्या पानांचं तोरण बांधलेलं, मंडप, माईक. शेठ पुढच्या खुर्चीवर. पोरं नव्या कपड्यांत आली, प्रत्येकाला नंदी दिला गेला, रांग लागली. पांढरे शुभ्र, सोनेरी शिंगांचे, एकामागे एक. अध्यक्षांनी माईकवर समानतेबद्दल भाषण केलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बाईंनी नाही वाजवल्या. झडत्या झाल्या, तोरण तुटलं आणि माईकवरून सांगितलं की नंदी इथेच ठेवा आणि आधी प्रसाद घ्या.

पोरं नंदी टाकून प्रसादाकडे पळाली. परत आली आणि जे सुरू झालं ते देवा रे! हा माझा. नाही, माझा. माझा इथे होता. एकानं दोरी ओढली, दुसऱ्यानं शेपूट धरलं. कोणाला आपला ओळखू येईना, आणि गंमत अशी की आपलाच पाहिजे हे मात्र प्रत्येकाला पक्कं ठाऊक. आता मला सांगा, तिथे सगळे सारखेच होते, कोणताही घेतला असता तर काय बिघडलं असतं? पण आपला बैल म्हणजे आपला बैल. ते पोरांना कळत होतं, कमिटीला कळलं नव्हतं. एका चिमुरड्यानं भोकाड पसरलं की माझा हरवला. त्याच्यासमोर मैदानभर नंदी उभे होते. मग आया धावल्या. अध्यक्ष माईकवरून सांगत होते, कृपया शांतता राखा, सर्व नंदी समान आहेत. त्यावर पोरं आणखी जोरात रडली.

मी बाईंकडे पाहिलं. त्यांचा चेहरा पडला होता. स्वतःशीच म्हणाल्या, “हे माह्याच हातानं झालं.” मग उठल्या, पदर खोचला आणि मैदानातल्या सतरंजीवर मांडी घालून बसल्या. त्या रडणाऱ्या पोराला जवळ ओढलं, समोरचा एक नंदी मांडीवर घेतला आणि विचारलं, “तुहा बैल काय करते?” पोरगं हुंदके देत म्हणालं, तो खूप चिडतो. बाईंनी कानस काढली आणि त्या सोनेरी शिंगाचं टोक घासून बाहेर वळवलं. मला म्हणाल्या, डोळे चिडके कर. मी केले. पोरानं नंदी हातात घेतला, पाहिला आणि रडं थांबलं. “हा माझा.”

मग रांग लागली. एकाचा झोपाळू, मी पापण्या अर्ध्या मिटल्या. एकीच्या बैलाच्या कपाळावर चांद. एकाचा भांडकुदळ, त्याच्या कानाला बाईंनी पटाशीनं खाच दिली. ज्यांनी कधी बैल जवळून पाहिला नव्हता ती पोरंसुद्धा सांगत होती, आणि बाई एकेकाचं असं ऐकत होत्या की जणू बाकी मैदान रिकामं आहे. मघाशी भांडणाऱ्या आया आता मागे उभ्या राहून आपापल्या आजोळच्या बैलांच्या गोष्टी सांगायला लागल्या होत्या.

शेठ तणतणत आला. सगळ्यांसमोर म्हणाला, “अरे बाई, माल खराब करून राह्यल्या तुमी. असंच कराचं असन तं नागपूरचं विसरून जा. याले धंदा म्हनत नाई.”

माझे हात थांबले. मला वाटलं, बाई आता उठतील, माफी मागतील. तेवढ्या एका शब्दावर त्यांचं म्हातारपण निभावणार होतं. बाईंनी मांडीवरचं शिंग घासणं पूर्ण केलं, त्यावरचा भुसा फुंकला आणि मान वर केली.

“शेठजी, माहा धंदा हाच हाये,” त्या म्हणाल्या. “लहान हाये, पन माहा हाये. नागपूरले मी येत नाई.”

आणि पुढच्या पोरीला बोलावलं. मी भ्याले होते, खूप भ्याले होते, पण त्या क्षणी मला त्या बाईच्या शेजारी बसल्याचा जो अभिमान वाटला तसा आयुष्यात दुसऱ्या कशाचा वाटला नाही.

परत येताना बसमध्ये बाई खिडकीशी बसल्या होत्या. म्हणाल्या, आता दिवाळीपर्यंत आहे त्या लाकडात काय होतं ते पाहू. मग डोळे मिटून झोपी गेल्या. झोप मला आली नाही.

दोन आठवड्यांनी कॉलनीतली एक आई मुलाला घेऊन देवळीला आली. मुलाला दुसरा नंदी पाहिजे होता, त्याच्या मामाकडच्या बैलासारखा. बाईंनी सांगितलं की लाकूड नाही, ऑर्डरचे पैसे जुन्या उधारीतच गेले. ती म्हणाली, मग आधी पैसे घ्या, पुढच्या पोळ्यापर्यंत द्या. बाईंना हे कधी सुचलंच नव्हतं. इतकी वर्षं त्या आधी आपल्या पैशानं लाकूड आणायच्या, नंदी घडवायच्या आणि पैसे सगळ्यात शेवटी घ्यायच्या. मग आणखी एक आई आली, मग एक आजोबा नातीला घेऊन आले. आरा मशीनवाल्याला रोख पैसे दिसले आणि त्याचा आवाज गोड झाला. दसऱ्यापर्यंत पुढच्या पोळ्याचं काम ठरून गेलं होतं. सगळी पोरं पाटावर बसून, आपापला बैल सांगून गेलेली.

पण खोली जाणारच होती. मी बाईंना म्हटलं, मामाजींना विचारा, राहू देतील. त्यांनी साफ नाही म्हटलं. शब्द आपणच दिला होता, तो काकाजींनी पुढे त्या मोबाइलवाल्याला दिला होता, आता आपण कोणत्या तोंडानं मागायचं. भावाच्या वाडीतल्या गोठ्यात बसून करीन म्हणाल्या. पण गोठा रस्त्यापासून आत, तिथे पोरं कशी येणार हे त्यांनाही दिसत होतं. तरी हत्यारं गोणपाटात गुंडाळायला घेतलीच. मामाजींना मीसुद्धा काही बोलले नाही. ते आपले पेढीवर बसून रोज येणाऱ्या पोरांच्या चपला मोजल्यासारखं त्या खोलीच्या दाराकडे पाहत असायचे.

धनत्रयोदशीच्या आधी तो मोबाइलवाला आला. हातात नवं कुलूप. मामाजींना म्हणाला, काकाजी, खोली कधी मोकळी होते?

मामाजींनी चष्मा काढला, धोतराला पुसला, परत लावला.

“खोली मोकळी नाई भाऊ,” ते म्हणाले. “तिथं मास्तरीनबाईचा कारखाना हाये.”

“तुमी तं शब्द देलता.”

“देलता. वापस घेतला.”

तो बिचारा कुलूप हातात घेऊन उभाच राहिला. एवढ्यात बाई गोणपाटाची दोरी हातात घेऊन दारात आल्या. सगळं ऐकलं होतं. मला वाटलं, आता यांच्या डोळ्यांतून पाणी येणार. आलंही असेल, मी पाहिलं नाही, कारण माझ्याच डोळ्यांपुढे सगळं धूसर झालं होतं.

“काकाजी, कारखाना म्हनू नोका,” बाई म्हणाल्या. “कारखान्यात सारे सारखे निंघतात.”

“मंग काय म्हनू?”

बाईंनी आमच्या दुकानाच्या पाटीकडे पाहिलं, मग आपल्या दाराकडे पाहिलं.

“दुकान म्हना. तुमचं हाये ना, तसंच माहं दुकान.”

मामाजींनी मान हलवली. बाई आत गेल्या आणि गोणपाट सोडायला बसल्या.